मॉरिशस नुसत्या बीचवर चालत नाही हो!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आमच्या देवगडकडं पर्यटन वाढवायचं म्हणून एक मीटिंग झाली, मीपण गेलो होतो, चहा-वडापाव चांगला होता. एका वक्त्यानं माईक घेतला आणि म्हणाले, मॉरिशसला आहे काय, समुद्र आणि वाळू, तेवढ्यावर अख्खा देश जगतो, मग आपण का नाही? टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात तेच वाक्य ठळक छापून आलं, म्हणून हे पत्र लिहायला बसलो. पत्रं कापून छापतात ते माहितीय मला, पण यातलं मे २०१६ चं तेवढं कापू नका.

मी २०१४ ते २०१९ मॉरिशसला नोकरीला होतो. हॉटेलात नाही, एबेनला, फंडांचे हिशोब बघणाऱ्या एका ऑफिसात अकाउंटंट. एबेन म्हणजे बेटाच्या मधोमध, पूर्वी उसाचं रान होतं तिथं २००० नंतर आपल्या भारत सरकारच्या कर्जातून सायबरसिटी उभी केली, काचेचे टॉवर, त्यात बँका, कॉल सेंटर, वकील, ऑडिटवाले. समुद्र दिसत नाही तिथनं. घरचे लोक फोनवर विचारायचे काय रे मजा आहे ना बीचवर, आणि मी इकडं रात्री आठला एक्सेलमध्ये डोकं घालून बसलेलो, कुठल्यातरी फंडाची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, जुळत नाही म्हणून.

आता आकडे. मॉरिशस साधारण २,०४० चौरस किलोमीटर, रॉड्रिग्ज वगैरे छोटी बेटं धरून. आपला सिंधुदुर्ग जिल्हा ५,२०० च्या वर. लोकवस्ती त्यांची साडेबारा लाखांच्या आसपास, आपली २०११ च्या जनगणनेत साडेआठ लाख. म्हणजे जागा आपल्या निम्म्याहून कमी आणि माणसं आपल्या दीडपट. त्या देशाच्या उत्पन्नात शेतीचा वाटा तीन-चार टक्के उरलाय, कारखानदारीचा तेरा-चौदा, आणि सर्व्हिस सेक्टरचा कसाही मोजा दोन तृतीयांशाच्या खाली फारसा येत नाही, एका पद्धतीनं मोजलं तर तीन चतुर्थांशापर्यंत जातो. इथपर्यंत वक्ते बरोबर आहेत. पण सर्व्हिस सेक्टर म्हणजे हॉटेल हे कुणी सांगितलं? निव्वळ हॉटेल-रेस्टॉरंट बघितलं तर दहा टक्क्यांच्या आतच आहे. टॅक्सी, लॉन्ड्री, बोटवाले, भाजीवाले सगळे धरले तर टुरिझमचा आकडा बराच वाढतो हे मान्य, पण बँका-विमा-फंड हे एकटं खातं दहाच्या वर आहे, घाऊक आणि किरकोळ दुकानदारी दहाच्या वर आहे, मग बंदर, टेलिफोन-कॉम्प्युटर, शाळा, दवाखाने, सरकारी ऑफिसं. आपल्याला ब्रोशरमध्ये हॉटेल दिसतं, कारकून कोण छापणार ब्रोशरवर!

माझ्या ऑफिसात काय चालायचं ते सांगतो म्हणजे कळेल. भारत आणि मॉरिशसचा टॅक्सचा करार १९८२ चा. त्यात असं होतं की मॉरिशसच्या कंपनीनं भारतातले शेअर विकून नफा केला तर त्यावर टॅक्स लावायचा हक्क मॉरिशसचा, आणि मॉरिशसमध्ये असल्या नफ्यावर टॅक्सच नाही. दहा वर्षं कुणाला त्याचं फार काही नव्हतं. १९९२ ला आपण परदेशी फंडांना शेअर बाजार उघडून दिला, त्याच वर्षी मॉरिशसनं ऑफशोअर, म्हणजे नोंद तिथं आणि धंदा बाहेर असल्या, कंपन्यांचा कायदा केला, आणि मग अमेरिकेचा पैसा, युरोपचा पैसा, आणि लोक दबक्या आवाजात म्हणायचे तसा फिरून आलेला आपलाच पैसा, सगळा पोर्ट लुईच्या, म्हणजे तिथल्या राजधानीच्या, पत्त्यावरनं भारतात यायला लागला. कित्येक वर्षं भारतात येणाऱ्या परदेशी गुंतवणुकीत एक नंबरला अमेरिका नाही जपान नाही, हे साडेबारा लाखांचं बेट होतं.

पण पत्ता फुकट मिळत नाही. कंपनी खरोखर तिथनं चालते असं दिसायला पाहिजे, म्हणजे निदान दोन डायरेक्टर तिथं राहणारे, मुख्य बँक खातं तिथलं, हिशोबाच्या वह्या तिथं, ऑडिट तिथं, बोर्ड मीटिंग तिथं. एका मोठ्या टेबलाशी दोन स्थानिक डायरेक्टर बसायचे, मधे तो तीन पायांचा कॉन्फरन्स फोन, पलीकडे मुंबई आणि न्यूयॉर्क, आणि आमची एक मुलगी मिनिट्स लिहायची की अमुक वाजता कोरम झाला, अमुक ठराव झाला. मुंबईवाल्यांनी सगळं आधीच ठरवलेलं असायचं ते उघड गुपित होतं, पण ठराव मॉरिशसमध्ये झाला पाहिजे. हे सगळं करायला माणसं लागतात हो, सीए लागतात, कंपनी सेक्रेटरी लागतात, केवायसीच्या फायली भरणारी पोरंपोरी लागतात, त्यांना दुपारी डाळपुरी विकणारा लागतो. कंपन्यांवर टॅक्स कागदावर १५ टक्के, क्रेडिट वजा जाता शेवटी ३ टक्के, पण देशाला खरं मिळायचं ते या पगारांतनं आणि फीमधनं. मी त्यातलाच पगार खाल्लाय, त्यामुळं आता उगाच साधू व्हायचं नाही मला, पण आपल्या तिजोरीत यायचा तो टॅक्स बुडत होता आणि त्या बुडण्यावर माझं घरभाडं निघत होतं हे खरंय.

मी राहायचो कात्र बोर्नला एका मराठी घराच्या वरच्या मजल्यावर. मराठी म्हणजे तिकडचे मराठी, त्यांचे पूर्वज गिरमिटीच्या काळात मुंबई बंदरातून बोटीनं गेलेले, मूळ रत्नागिरीकडचं एवढंच घरात ठाऊक, गावाचं नाव पिढ्यांमध्ये कुठंतरी सांडलं. १८३४ पासून पुढं अंदाजे साडेचार लाखांवर माणसं हिंदुस्थानातून तिथं उसाच्या मळ्यांवर नेली, ती जिथं उतरायची तो आप्रवासी घाट आता युनेस्कोच्या यादीत आहे. घरमालकीणबाईंना मी मावशी म्हणायचो. मावशीचे वडील ऊस तोडायचे. मावशी स्वतः सोळाव्या वर्षापासून स्वेटरच्या फॅक्टरीत.

स्वेटर! ज्या बेटावर लोकर देणारी मेंढरं नाहीत ते बेट एके काळी लोकरीचे स्वेटर विकणाऱ्या जगातल्या मोठ्या देशांत होतं. याच्यामागची गोष्ट मीटिंगमध्ये कुणीच सांगत नाही. १९६१ साली जेम्स मीड नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञानं रिपोर्ट दिला होता की या बेटाचं काही खरं नाही, एकच पीक, माणसं बेसुमार वाढतायत, नोकऱ्या कुठनं आणणार. (त्यांना पुढं १९७७ ला नोबेल मिळालं, मॉरिशसवाले अजून हसत हसत सांगतात.) १२ मार्च १९६८ ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा साखर म्हणजेच देश होता. १९७० ला निर्यात कारखान्यांचा कायदा केला, हाँगकाँगचे लोक यंत्रं घेऊन आले. १९७५ ला युरोपशी साखरेचा करार झाला, वर्षाला पाच लाख टनांच्या वर साखर ठरलेल्या चढ्या भावानं युरोप घेणार. आणि त्या पैशाचं त्यांनी काय केलं, तर १९७७ पासून माध्यमिक शिक्षण फुकट केलं. मला विचाराल तर एबेनचा पाया तिथं आहे, केबल आणि टॉवर नंतरचे. उसाच्या मजुराची पोरगी कॉलेजपर्यंत गेली, घरात क्रियोल म्हणजे तिथली बोली, शाळेत इंग्रजी, टीव्हीवर फ्रेंच, आणि घड्याळ पॅरिसच्या दोन-तीन तास पुढं. फ्रान्सच्या कंपनीला कॉल सेंटर काढायला आणखी काय पाहिजे?

मावशी मात्र त्या गाडीत बसली नाही. २००५ ला कुठल्या देशानं किती कपडे निर्यात करायचे याचे आंतरराष्ट्रीय कोटे उठले, हाँगकाँगवाले गाशा गुंडाळून गेले, मावशीची फॅक्टरी बंद झाली तेव्हा ती चाळिशीत. त्याच सुमाराला युरोपनं साखरेचा भाव कमी करायचं ठरवलं, टप्प्याटप्प्यानं ३६ टक्के. दोन्ही पाय एकदम गेले म्हणा ना. पेपरात यायचं की देश सर्व्हिस इकॉनॉमी होतोय, आयसीटी म्हणजे कॉम्प्युटर-टेलिफोनचं काम येतंय, आणि मावशी म्हणायची मला कॉम्प्युटर येत नाही, फ्रेंच येते ती बाजारातली, मला कोण ठेवणार? अशा हजारो बायका होत्या, बऱ्याचशा हॉटेलात चादरी बदलायला गेल्या किंवा घरीच बसल्या. मावशीनं वरचा मजला भाड्यानं दिला. ही पण सर्व्हिसच की, आकडेवारीत कुठंतरी बसत असेल. तिची मुलगी मात्र माझ्याच समोरच्या टॉवरमध्ये, फ्रेंच मोबाईल कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या शिव्या खायला. मुलगा क्रूझ शिपवर वेटर म्हणून गेला तो कॅनडात उतरला, परत आला नाही. शिकवलेल्या पोरांना तिथला पगार पुरत नाही आणि हॉटेलं-बांधकामांवर बांगलादेश, नेपाळ, मादागास्करहून माणसं आणतात, हेही तिथं रोज दिसतं.

आता मे २०१६. १० तारीख, मंगळवार. संध्याकाळी मुंबईच्या एका मित्राचा व्हॉट्सअॅप आला, तुमचा करार बदलला म्हणे, सही झाली. आमच्या ऑफिसात कुणालाच माहिती नव्हतं, खरं म्हणजे करार बदलणार हे वीसेक वर्षं ऐकत होतो त्यामुळं कुणी घाबरायचं पण विसरलं होतं. अर्ध्या तासात सगळे फोन वाजायला लागले. १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअर्सच्या नफ्यावर भारत टॅक्स लावणार, मधली दोन वर्षं अर्धा दर, मग पूर्ण. दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना कॉन्फरन्स रूममध्ये बोलावून सांगितलं की काही होत नाही, जुनी गुंतवणूक सुरक्षित आहे, आता आपण आफ्रिकेकडं बघू. बाहेर आल्यावर केवायसीतली एक मुलगी मला विचारते, तुमच्या दिल्लीत एक सही झाली तर माझं घराचं कर्ज कोण फेडणार? सही दिल्लीत नाही पोर्ट लुईतच झाली होती, पण तिला काय म्हणायचं होतं ते मला बरोबर कळलं. ऊस असता तर वादळाला शिव्या देता आल्या असत्या.

त्या धंद्याचा जीव दुसऱ्याच्या कायद्यात असतो. कधी भारत, कधी युरोप. फेब्रुवारी २०२० ला एफएटीएफनं, म्हणजे काळ्या पैशाच्या व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं, मॉरिशसला ग्रे लिस्टमध्ये टाकलं, मनी लाँडरिंगवर लक्ष कमी म्हणून, ऑक्टोबर २०२१ ला काढलं, मधल्या काळात युरोपनंपण काळ्या यादीत टाकून घेतलं. पण एक सांगतो, धंदा बुडाला नाही. ऑफिसं बारीक झाली, नियम कडक झाले, आफ्रिकेचे फंड आले, फायनान्सचा वाटा दहाच्या वरच राहिला. माझी नोकरी २०१९ ला संपली ती मात्र त्या करार बदलण्यामुळंच, असो.

मग २०२०. मी घरी आलो होतो, मावशीचे फोन यायचे. २०१८, २०१९ ला तिथं दरवर्षी जवळजवळ चौदा लाख टुरिस्ट येऊन गेले होते, म्हणजे माणसांपेक्षा पाहुणे जास्त. मार्च २०२० ला सीमा बंद, वर्षभरात तीन लाख, आणि २०२१ ला तर दोन लाखसुद्धा नाहीत. देशाचं उत्पन्न एका वर्षात १५ टक्क्यांच्या आसपास घसरलं. एअर मॉरिशस एप्रिलमध्येच प्रशासकाच्या ताब्यात गेली. हॉटेलं वाचवायला तिथल्या मध्यवर्ती बँकेनं स्वतः एक गुंतवणूक कंपनी काढली आणि नोटा छापून पैसे ओतले म्हणा, त्याची किंमत पुढं तिथल्या रुपयानं मोजली. आणि गंमत बघा, जुलै २०२० ला जागतिक बँकेनं मॉरिशसला श्रीमंत देशांच्या यादीत घातलं, २०१९ चे आकडे धरून! पुढच्या वर्षी परत खाली.

त्याच जुलैमध्ये वाकाशिओ नावाचं जपानी मालकीचं जहाज पॉइंट द'एस्नीच्या प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये हजारेक टन तेल समुद्रात सांडलं. मावशीची भाची माहेबूरची, म्हणजे त्याच किनाऱ्यावरच्या गावची, तिनं व्हिडिओ पाठवले. सरकारी यंत्रणा यायच्या आधी गावकरी रात्रभर बसून कापडाच्या लांब पिशव्या शिवत होते, त्यात उसाचं पाचट भरायचं, बाटल्या बांधायच्या, की तेल अडावं. मावशी म्हणाली मी पण गेले, शिवायला येतं ना मला. वीसपंचवीस वर्षं स्वेटर शिवलेल्या बाईच्या हाताला तेव्हा काम मिळालं, फुकटचं, आणि भरायला उसाचंच पाचट. मी तो व्हिडिओ अजून ठेवलाय.

आता टुरिस्ट परत आलेत, २०२३ ला तेरा लाखांच्या जवळपास, २०२४ ला चौदाच्या जवळ गेले. हॉटेलं भरली. पण बाजारात जाऊन बघा, सफरचंद दक्षिण आफ्रिकेचं, चीज फ्रान्सचं, तांदूळ बाहेरचा, खाण्यापिण्याचं तीन चतुर्थांश सामान जहाजातनं येतं. टुरिस्टानं शंभर युरो दिले तर त्यातले किती बेटावर राहिले आणि किती त्याच जहाजातनं परत गेले हा हिशोब मला अकाउंटंट म्हणून नेहमी पडायचा. वस्तूंच्या व्यापारात त्या देशाची दरवर्षी दणकून तूट असते, ती भरून काढतात या सगळ्या सर्व्हिसेस मिळून, हॉटेल एकटं नाही. २०२० ला हॉटेल झोपलं तेव्हा फंडाची ऑफिसं घरून लॅपटॉपवर चालू राहिली म्हणून निदान डॉलर येत होते. मीटिंगमध्ये मला हेच सांगायचं होतं पण माईक माझ्यापर्यंत आलाच नाही.

बीचबद्दल पण एक सांगायचंय, कारण आमच्याकडं किनाऱ्याच्या जमिनींचे काय व्यवहार चाललेत ते सगळ्यांना माहितीय. मॉरिशसमध्ये भरतीच्या रेषेपर्यंतची वाळू कायद्यानं सगळ्या जनतेची. हॉटेल मागं सरकारी जमिनीवर लीजनं उभं असतं, पण समोरच्या वाळूत रविवारी मावशीचं अख्खं खानदान बिर्याणीचं पातेलं घेऊन बसलेलं, स्पीकरवर सेगा म्हणजे तिथली लोकगीतं, आणि हॉटेलचा गोरा पाहुणा त्यांच्या बाजूनं वाट काढत समुद्रात जातोय. हॉटेलवाले कुरकुरतात, कधी दगड टाकतात कधी वॉचमन उभा करतात, तिथंही भांडणं आहेत. पण कायदा आहे म्हणून भांडता येतं. आणि ती बसतात कुठं, तर फिलाओच्या झाडांखाली. फिलाओ म्हणजे आपला सुरू! पहिल्या रविवारी फ्लिक आँ फ्लाकला ते बन बघून मला देवगडलाच आल्यासारखं झालं होतं.

आमच्याकडं सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला १९९७ ला. होमस्टे काढा, स्कूबा काढा, माझं काही म्हणणं नाही, माझ्या चुलतभावाच्या दोन खोल्या आहेत भाड्याच्या आणि मे महिन्यात त्या भरतात. पण जून ते सप्टेंबर काय? हापूससारखंच झालं ना ते, एका मोसमावर वर्ष काढायचं. वक्त्यांना मॉरिशसच करायचा असेल तर आधी आमच्या गावातली लाईट दुपारी दोन ते पाच जाते ती थांबवा, नेट द्या जे पावसात टिकेल, आणि कॉमर्स झालेली पोरं मुंबईला न जाता इथनंच कुणाचे तरी हिशोब करू शकतील असं एखादं ऑफिस आणा. मी स्वतः तीन पोरं ठेवलीत, पुण्याच्या दोन कंपन्यांचं काम करतो. हे पत्र टाइप करताना दोनदा लाईट गेलीय.

पुढच्या वेळी मॉरिशसवर काही छापाल तर नारळाच्या झाडाचा फोटो नको, सकाळी आठला एबेनच्या बस स्टॉपचा मिळाला तर बघा. बसमधनं उतरणाऱ्या पोरी, हातात ब्रेड, गळ्यात आयकार्ड.

आपला,
एक वाचक, देवगड

ता. क. : सगळे विचारतात म्हणून लिहितो, हो, तिथं मराठी शाळेत शिकवतात, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते आणि जाखडी पण होते. मावशीची मराठी मला पहिले सहा महिने कळायची नाही आणि माझी तिला. भाडं द्यायला गेलो की नोटा मोजून झाल्यावर म्हणायची, "कोरेक." ते क्रियोल आहे, म्हणजे बरोबर आहेत.